अदवाची लढाई, राहू मुक्कामी

रविवार, २० जुलै २०२५

वही क्रमांक २४, पान पहिले. पाऊस चार मिलिमीटर, दुकानामागच्या माझ्या मापकावर. रेडिओवाले हलक्या सरी म्हणाले. हलक्या म्हणजे किती, ते त्यांनाच ठाऊक.

आमच्या राहू गावच्या गणपती मंडळाची मीटिंग साडेनऊची होती, दहा वाजून पाच मिनिटांनी सुरू झाली. विषय यंदाचा जिवंत देखावा. शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांची मिळून स्पर्धा आहे, एकोणीस मंडळं. गेल्या साली त्यातल्या चौदांनी एकच प्रसंग केला होता. चौदा ठिकाणी तोच खान मेला. शेवटी शेवटी तर परीक्षक खान मरायच्या आधीच चहा घेऊन गाडीत बसत होते.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, यंदा अदवाची लढाई. १ मार्च १८९६. इथिओपियाचा राजा मेनेलिक दुसरा याने इटलीच्या फौजेचा अर्ध्या दिवसात धुव्वा उडवला. सगळे गोरे मिळून आफ्रिका केळीच्या घडासारखी वाटून घेत होते, त्या वेळची गोष्ट. झुलूंनी इंग्रजांना इसांडलवानाला लोळवलं, पण सहा महिन्यांत राज्य गेलं. अशांती लोक लढले. दाहोमीत तर बायकांची पलटण लढली. पण शेवट गोड झाला तो मेनेलिकचा.

मग तात्याबा, वय अठ्ठ्याहत्तर, आमच्या स्टँडवरचे कायमचे रहिवासी, म्हणाले, "समदं खरं हाय. पर नंबर न्हाई आला तर?"

मी जरा तापलोच. म्हणालो, "नंबर नाही आला तर दुकानापुढचा फळा उतरवीन. परत गावात इतिहासाचं नाव काढणार नाही."

सगळ्यांचे हात एकदम वर गेले. विकास सोसायटीच्या मीटिंगला चहा सांगायचा की नको यावरसुद्धा दोन गट पडतात, त्या गावात हा ठराव एकमताने पास झाला. लोकांत इतिहासाची गोडी असतेच, मांडणारा पाहिजे.

बाहेर पडताना तात्याबांनी विचारलं, "फळा कितीचा हाय?"

"चार फूट बाय अडीच."

"म्हंजी डेरीचे दर लिवायला बरोबर बसंल."

मंगळवार, २२ जुलै

फळ्याबद्दल इथे एकदा लिहून ठेवतो. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान राहू स्टँडला आहे. शाळा दहावीला सुटली. वाइंडिंग जळक्या मोटारी उघडून शिकलो आणि इतिहास, वाचनालयाची पुस्तकं आणून. दोन्हीला मास्तर नव्हता. अकरा वर्षं रोज सकाळी पावणेआठला मी फळ्यावर जगाच्या इतिहासातली एक गोष्ट लिहितो. मोटार सोडायला आलेल्या माणसाला ती मी समजावूनही सांगतो. लोक हल्ली मोटार दारातच ठेवून फार घाईने निघून जातात. शेतीची कामं वाढली आहेत.

तर फळा गेला तर माझं काय राहील, हा विचार आज दिवसभर डोक्यात होता. काय राहील? साडेसात एचपीच्या मोटारी राहतील.

भूमिका वाटल्या. मेनेलिक: इंद्रजीत, वय एकतीस, मंडळाचा अध्यक्ष, नुकताच सोसायटीचा चेअरमनही झाला आहे. उंची पाच फूट दहा, दाढी स्वतःची. कुणीतरी विचारलं, आफ्रिकेचे म्हणजे तोंडाला काळं लावायचं का? मी स्पष्ट सांगितलं, कुणी काही फासायचं नाही. राजा राजासारखा दिसला पाहिजे, सोंगासारखा नाही. पांढरं जाड उपरणं, काठाला रंगीत पट्टी, त्याला तिकडं शम्मा म्हणतात. रंग लावायचाच तर इटालियनांना लावा. पावडर.

अडचण एकच. इटालियन व्हायला एकही माणूस तयार नाही.

रविवार, २७ जुलै

इटली मिळाली.

पोपटराव माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. पंधरा वर्षं सोसायटीचे चेअरमन होते. यंदा मे महिन्यात तीन मतांनी पडले. पाडलं इंद्रजीतनेच. तेव्हापासून ते गावात कमी दिसतात, आणि त्यांची चोवीस-पंचवीस माणसंही. मी आज त्यांच्या ओसरीवर गेलो. म्हणालो, सेनापती बाराटिएरीची भूमिका आहे. समुद्रापलीकडून आलेला, छातीवर पदकं, भरघोस मिशी, छप्पन तोफा, घोडा.

"घोडा माझाच आणावा लागंल," पोपटराव म्हणाले.

"तुमचाच शोभेल."

"म्हंजी मेन रोल हाय."

"त्याच्याशिवाय लढाईच होत नाही."

यातला एकही शब्द खोटा नाही. शेवट काय होतो ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

परत आल्यावर दुकानात गिता कॉइल भरत होती. (गिता म्हणजे आमची मंडळी. माझा हात बोलताना थांबतो, म्हणून तारेचे फेरे तीच मोजते. अकरा वर्षांत एक फेरा चुकलेला नाही, हे मान्य केलं पाहिजे.) तिला मी वुचालेचा तह समजावून सांगितला. १८८९. इटलीने मेनेलिकशी तह केला. इथिओपियाच्या भाषेत लिहिलं एक आणि इटलीच्या भाषेत दुसरंच. मेनेलिकला वाटलं दोस्ती झाली, इटली म्हणाली आता तू आमच्या ताब्यात. लबाडी म्हणतात ती ही.

गिता म्हणाली, "आन् पोपटभावजींना तुम्ही काय सांगितलं?"

मी म्हणालो, "लक्ष मोजण्यात ठेव."

रविवार, ३ ऑगस्ट

संहिता पूर्ण. नियमाप्रमाणे बारा मिनिटं. घड्याळ लावून वाचली, बारा मिनिटं चाळीस सेकंद आली. चाळीस सेकंद काढण्यासाठी मेनेलिकची राणी ताइतू काढली.

गिताने जेवताना विषय काढला. "त्या राणीनं किल्ल्याचं पाणी तोडलं हुतं न्हवं का? तुम्हीच फळ्यावर लिवलं हुतं, दोन वर्सामागं."

"मेकेलेचा किल्ला. तो वेढा जानेवारीतला, अदवा मार्चमधलं. दोन वेगळे प्रसंग आहेत."

"गोळ्यांनी किल्ला पडंना, तवा पाण्यानं पडला, म्हणला हुता."

"पडला. पण वेळेअभावी तो प्रसंग घेता येत नाही."

"मग आमाला बायकांना काय काम?"

वास्तविक अदवालासुद्धा ताइतूने हजारो बायकांना लढणाऱ्यांसाठी पाणी वाहायला लावलं होतं, हे मला आठवलं. इतिहासाला धरून होईल, म्हणून मी लगेच वहीत नोंद केली: पाण्याची सर्व व्यवस्था, महिला मंडळ, प्रमुख सौ. गिता. तिला वाचून दाखवलं.

"समदी?" तिने विचारलं.

"सगळी. जार, पेले, टाकी, सगळं तुमच्याकडं."

ती हसली. भूमिका नाही मिळाली तरी समाधानी आहे. हा गुण तिचा चांगला.

रविवार, १० ऑगस्ट

इटलीच्या गणवेशावरून वाद. त्या मोहिमेत इटालियनांचे कपडे सुती, पांढरे होते. मी चित्रासह दाखवलं. पोपटराव म्हणाले, "पांढरं तर इंद्रजीतची पोरंबी घालणार. मग आमी जेवणावळीत वाढपी का?" त्यांनी कासुर्डीच्या बँडवाल्यांकडून मखमली कोट आणले. गडद निळे, सोनेरी झालर, आतून अस्तर, गळ्यापर्यंत बटणं. मी निषेध नोंदवला. (इथे नोंदवतो आहे. तिथे बोललो नाही.)

टोप्या मात्र उत्तम झाल्या. नर्सरीतल्या प्लास्टिकच्या कुंड्या उलट्या घालून त्यावर कागद चिकटवला. तोफा चार इंची पाइपच्या. छप्पन शक्य नाहीत, सहा केल्या. प्रमाण नऊ पूर्णांक तेहेतीस शतांशास एक.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

संकट.

झेंडावंदन करून दुकानात आलो तर पोपटराव दारात. मिशीला रंग लावलेला, चेहरा पडलेला. त्यांची मुलगी स्नेहल पुण्याला नोकरीला असते. तिला काल त्यांनी फोनवर कौतुकाने भूमिका सांगितली. ती म्हणाली, पप्पा, इटली हरते.

"हरते का?" पोपटराव मला म्हणाले.

"हरते."

"किती?"

"म्हणजे?"

"थोडक्यात हरते का पार?"

मी खोटं बोलू शकत नाही, आकड्यांच्या बाबतीत तर नाहीच. "सतरा हजार सातशे होते. मेलेले, जखमी, धरलेले मिळून निम्म्याहून जास्त. तोफा सगळ्या गेल्या."

ते बाकड्यावर बसले. मग म्हणाले, "हौशीराम, मी तीन मतांनी पडलो तर गावानं फटाकं वाजिवलं. त्यो इंद्रजीत माझ्या दारावरनं गुलाल उधळत गेला. आता परत त्याच्या म्होरं आडवं पडायचं, ते बी पावडर लावून? मी न्हाई पडायचो."

"पोपटराव, लढाई झालेली आहे. मी काय करू?"

"मग मी न्हाई. माझी माणसं न्हाईत, घोडा न्हाई, डोंगर करायला ट्रॉल्या न्हाईत."

फळा मला डोळ्यांसमोर दिसला. त्यावर गाईचं, म्हशीचं, फॅटप्रमाणे. मी म्हणालो, एक तोड आहे. पहिली दहा मिनिटं तुम्ही डोंगरावर, वरचढ. शेवटची दोन मिनिटं काय ते बघू.

"बघू," पोपटराव म्हणाले.

इंद्रजीतला जाऊन सांगितलं की पोपटराव शेवटी पडणार आहेत, पक्कं ठरलं. दोघंही खूश आहेत. वाटाघाटीचं काम मला बरं जमतं असं दिसतं.

गिताने सगळं ऐकलं होतं. कॉइलवरून मान वर न करता म्हणाली, "आता दोन कागद झालं."

कशाबद्दल म्हणाली, कळालं नाही.

रविवार, २४ ऑगस्ट

रंगीत तालीम. लिहायला हात धजत नाही.

इटालियन मरत नाहीत. इंद्रजीतच्या माणसाने भाला लावला की इटालियन म्हणतो, लागलाच न्हाई. दोघे पडले होते, त्यांना पोपटरावांनी वरून नावानिशी हाक मारली, ते कपडे झटकून उठले. मी शिट्टी वाजवून थांबवलं आणि विचारलं, मेल्यावर उठता कसे? त्यातला एकजण म्हणाला, "चेअरमननी बोलिवलं की यावं लागतं."

बारा मिनिटांनी इटली डोंगरावर उभी आणि इथिओपिया खाली घामाघूम. तात्याबा पारावरून म्हणाले, "हौशीराम, ह्यो इतिहास आमाला ठाऊक न्हवता."

डोंगर म्हणजे तीन ट्रॉल्या, वर बारदान, मातीचा रंग. चढायला मागून एकच अरुंद शिडी. ही रचना माझीच. युद्धशास्त्रानुसार अचूक आहे, आणि तीच आता नडते आहे.

सोमवार, १ सप्टेंबर

गौरीजेवण. दुकान बंद. गणपती आल्यापासून लिहायला फुरसत नव्हती. घरी बायकांची गर्दी, मला ओट्यावर बसावं लागलं. कस्तुराबाई, म्हणजे पोपटरावांच्या मालकीण, आल्या होत्या. आतल्या खोलीत गिता त्यांना आणि दहा-बारा जणींना बराच वेळ काहीतरी सांगत होती. मधे मधे हसण्याचा आवाज. माझ्या जुन्या वह्यांपैकी सतरा नंबरची आत नेलेली दिसली. पुरणाच्या पातेल्याखाली ठेवायला नेली असावी. मी कितीदा सांगितलं आहे.

निरोप आला: परीक्षक परवा दुपारी चारला येणार, कारण त्यांना त्याच दिवशी सहा गावं करायची आहेत. परीक्षक कोण, तर शिरूरचे मारुतराव सर. हायस्कूलला इतिहास शिकवून निवृत्त झालेले. सात वर्षांपूर्वी वाचनालयातल्या त्यांच्या व्याख्यानात मी उठून त्यांची एक तारीख दुरुस्त केली होती. टाळ्या पडल्या नव्हत्या.

मंगळवार, २ सप्टेंबर

नकाशा काढून इटालियनांच्या दोन्ही तुकड्यांना वाटला. स्केल, उत्तर दिशा, सगळं आहे. त्यांना अदवाच्या नकाशाची गोष्टही सांगितली. बाराटिएरीच्या नकाशात चूक होती. एका डोंगराचं नाव भलत्याच डोंगराला दिलं होतं, तुकडी तिकडं गेली, बाकीच्यांपासून तुटली आणि संपली. नकाशा काढणाऱ्याचा हलगर्जीपणा. फौज मरते ती अशी. माझ्या नकाशात स्पष्ट लिहिलं आहे: दुसरी तुकडी म्हसोबापाशी थांबेल आणि शिट्टी होताच डावीकडून येईल.

संध्याकाळी फळ्यावर नवीन काही लिहिलं नाही. नुसता पुसला. ओल्या फडक्याने, चारी कोपरे. लाकडी चौकट उजव्या बाजूला उसवली आहे, दोन खिळे मारले. उतरवायचाच असेल तर खिळे कशाला, असं गिताने म्हणायला हवं होतं. तिने हातोडी आणून दिली.

बुधवार, ३ सप्टेंबर

सगळं क्रमाने लिहितो.

तीन वाजता कस्तुराबाईंनी इटालियनांना मिसळ खाऊ घातली. स्वतः केलेली. तर्री एवढी लाल होती की मला लांबूनच ठसका लागला. पोपटरावांनी दोन वाट्या घेतल्या. वर खारे शेंगदाणे होते, मूठ मूठ. मग मखमली कोट, पावडर, मिशा. बाजारतळावर ऊन होतं, वारा नव्हता, दुकानातल्या तापमापकावर चौतीस.

चार वाजून बारा मिनिटांनी मारुतराव सर आले. मला बघून म्हणाले, "तुम्ही ते तारीखवाले."

मी म्हणालो, "हो. ती अठ्ठावीसच होती."

बसले. शिट्टी दिली.

दुसरी तुकडी आली नाही. परत शिट्टी दिली. मग फोन केला. तुकडी म्हसोबापाशीच होती, पण बंधाऱ्याच्या म्हसोबापाशी, दोन किलोमीटरवर. मला स्टँडचा म्हसोबा अभिप्रेत होता. नऊ इटालियन तिथल्या टपरीवर भजी खात होते आणि शिट्टी ऐकू आली नाही म्हणून माझ्यावरच चिडले. नकाशा वाचता येत नाही त्याला मी काय करणार.

तरी वर पंधराजण होते. मेनेलिक घोड्यावरून आला. (पोपटरावांचाच घोडा, इंद्रजीत बसल्यावर तो दोनदा मालकाकडे वळला.) पाइपच्या तोफांतून गुलाल उडाला, ट्रॅक्टरचे सायलेन्सर फटफटले, भाले वर गेले. बारा मिनिटं झाली. एकही इटालियन पडला नाही.

"पोपटराव," मी पडद्यामागून म्हणालो, "तुमची दहा मिनिटं कधीच झाली."

"बघू म्हणलो हुतो," ते वरून म्हणाले. "बघतोय."

इंद्रजीत शिडीजवळ गेला. "पोपटकाका, असं ठरलं न्हवतं. हौशीमामांनी सांगितलंय, तुम्ही पडणार."

"मला सांगितलं मी वरचढ."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या बाजारतळाने पाहिलं. मी संहितेची पानं चाळली.

वीस मिनिटं. पंचवीस. सर उठले नाहीत, मांडीवरच्या कागदावर काही लिहीत होते. तात्याबा पारावर एकाला सांगत होते, डेरीच्या पोराला बोलव, माप घ्यायला. मला आयुष्यात पहिल्यांदा एकही तारीख आठवेना.

एकतिसाव्या मिनिटाला वरून एका इटालियनाचा आवाज आला, "पाणी द्या रं जरा."

डोंगरामागे नऊ जार ठेवलेले होते, मी स्वतः दुपारी मोजले होते. आता एकही नव्हता. पेलेसुद्धा नव्हते. टाकीचा नळ कुणीतरी सोडून टाकी रिकामी केलेली. महिला मंडळाला मी व्यवस्था दिली होती आणि नेमक्या वेळी अशी बेफिकिरी. मी गिताला शोधलं. ती मेनेलिकच्या फौजेत होती. सगळ्याच होत्या, बारा-तेरा जणी, कडेवर कळशा घेऊन, आणि इथिओपियाच्या एकेकाला पेला भरून देत होत्या. गार पाणी, वाळा घातलेलं. वास वरपर्यंत जात असणार.

मी हाताने खूण केली की वर पाठव. तिने मला दिसलंच नाही असं केलं.

इटालियनांची पावडर ओघळून कोटांवर आली. एकाने टोपी काढून वारा घेतला, कुंडीच्या तळाला भोकं असल्याने उपयोग झाला नाही. छत्तिसाव्या मिनिटाला दोघे शिडीवरून उतरले आणि म्हणाले, आमी मेलो, पाणी द्या. मग चार. मग सहा, एकदम, शिडीवर ढकलाढकली झाली. पोपटराव त्यांना नावानिशी हाका मारत होते, पण घसा कोरडा, आवाज फुटत नव्हता. शेवटी वर तीन उरले.

तेव्हा कस्तुराबाई पुढे झाल्या. डोंगराच्या पायथ्याशी उभ्या राहून तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं. उंचावरून, सावकाश.

"अहो," त्या म्हणाल्या, "या खाली. वाळ्याचं हाय."

"तू कुणाच्या बाजूनं हायेस?"

"मी पाण्याच्या बाजूनं हाय."

लोक हसले. पोपटराव हसले नाहीत. इंद्रजीत काय करतो इकडे त्यांची नजर होती. गिता इंद्रजीतच्या मागे गेली आणि त्याच्या कानाशी काही बोलली. दोन वाक्यं असतील. इंद्रजीतने भाला खाली ठेवला. घोड्याचा लगाम धरून तो शिडीपाशी घेऊन आला आणि वर बघून म्हणाला, "काका, घोड्यावरनं जा. हत्यारं बी तुमचीच. कुणी गुलाल उधळणार न्हाई."

पोपटराव उतरले. इंद्रजीतने स्वतःच्या हाताने पेला दिला. त्यांनी तो एका दमात संपवला, दुसरा मागितला, तोही संपवला, तिसऱ्याने तोंड धुतलं. पावडरीखालून आमचे जुने चेअरमन निघाले.

"आता मेलो म्हणा," ते म्हणाले आणि घोड्यावर बसून, पदकं वाजवत, मैदानाला फेरी मारून घरी गेले. टाळ्या इटलीला जास्त पडल्या.

एकूण वेळ सत्तेचाळीस मिनिटं.

मारुतराव सर माझ्याकडे आले. चष्मा पुसला. "पाणी तोडून शरणागती, आणि राजाने शत्रूला सन्मानाने जाऊ दिलं. इतक्या बारकाईने कुणी केलं नव्हतं. तुम्ही लिहिलंत?"

इथे मी नुसतं हो म्हणायला हवं होतं, असं गावातले सगळे म्हणतात. पण चूक ती चूक. मी म्हणालो, "सर, हे दोन्ही मेकेलेच्या वेढ्यातलं आहे. जानेवारी १८९६. अदवा १ मार्च. कालक्रम चुकलेला आहे."

सरांनी कागद परत उघडला आणि त्यावर काहीतरी लिहिलं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

निकाल. आमचा दुसरा नंबर. पहिल्याला शहाऐंशी गुण, आम्हाला पंच्याऐंशी.

गुणपत्रक मागवून वाचलं. वेळ: वेढा वेळेत संपत नसतो, म्हणून सूट. नकाशा चुकून तुकडी भरकटणे: इतिहासाला धरून, विशेष दोन गुण. (हे माझ्या आत्ता लक्षात आलं. मी ते मुद्दाम केलं नव्हतं. पण ज्ञान मुरलं की हातून आपोआप होतं.) कालक्रम: दोन गुण वजा, लेखकाने स्वतः निदर्शनास आणल्याप्रमाणे.

म्हणजे मी गप्प बसतो तर पहिला. इंद्रजीत दिवसभर माझ्याशी बोलला नाही. पोपटराव मात्र दुकानात येऊन बसले, पेढे घेऊन. म्हणाले, पंचक्रोशीत लोक बाराटिएरी म्हणून हाक मारतात, आवडलं. पुढच्या साली दुसरी कुठली इटली आहे का, विचारत होते.

नंबर आल्याने फळा राहिला. तात्याबांना वाईट वाटलं. डेरीवाल्याने माप घेऊन ठेवलं होतं.

जारची चौकशी केली. नऊही जार पोपटरावांच्या गोठ्यात सापडले, ओल्या पोत्याखाली नीट झाकून. जारवाला चुकून तिथे उतरवून गेला असणार. माणसं कामं लक्षपूर्वक करत नाहीत.

सोमवार, ८ सप्टेंबर

परवा विसर्जन झालं. काल झोपलो.

आज सकाळी पावणेआठला खडू घेऊन फळ्यापाशी गेलो तर फळा लिहिलेला. अक्षर गिताचं.

"राणी ताइतू हिने मेकेले येथील किल्ल्याचे पाणी तोडले. जानेवारी १८९६. हा प्रसंग वेळेअभावी देखाव्यात घेता आला नाही."

मी दोनदा वाचलं. वही सतरा काढून पडताळलं. त्या पानावर हळदीचे डाग होते. चूक सापडली नाही. ओळी सरळ होत्या, माझ्यापेक्षाही. मग बुधवारचा दिवस मला उलटा दिसायला लागला: जार, मिसळ, शेंगदाणे, वाळा, इंद्रजीतच्या कानातली दोन वाक्यं. सगळी व्यवस्था, मी माझ्या हाताने नोंदवलेली.

फडकं खिशात घातलं.

आत गिता तार सोडवत होती. तेवढ्यात तात्याबा आले, फळ्याकडे बघत उभे राहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते आपणहून म्हणाले, "ही कोण राणी? सांगा की."

मी घसा साफ केला. गिता उठली, तारेचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "ही पाच एचपीची हाय. बहात्तर फेरं. मोजा." आणि बाहेर बाकड्यावर जाऊन तात्याबांना सांगायला लागली.

मी मोजत होतो. एक, दोन, तीन. ती चांगलं सांगते. तारखा पुढे घेत नाही, माणसं पुढे घेते. तात्याबा मधे मधे हूं म्हणत होते, माझ्या वेळी ते घोरतात. एका जागी तिने किल्ल्यातल्या शिपायांचा आकडा सांगितला, तो मला थोडा कमी वाटला. मी आतून म्हणालो, "अगं, ते..."

"लक्ष मोजण्यात ठेवा," ती म्हणाली.

बावन्न झाले होते का त्रेपन्न, ते विसरलो. तार सोडली आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.